रामरक्षेची अट

बडोद्याच्या वाडी भागातल्या एका जुन्या मराठी देवस्थानाच्या विश्वस्तांपुढे सध्या एक ठराव आहे. देवळाच्या माडीवरची रिकामी खोली अभ्यासिका म्हणून उघडायची, रोज संध्याकाळी दोन शिक्षक बसवायचे आणि दहावी-बारावीच्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायची. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. वाद शेवटच्या वाक्याचा आहे: अभ्यासाआधीच्या रामरक्षेला जो नियमित येईल, त्यालाच शिष्यवृत्ती. हे वाक्य माझ्या मामांनी घातलं. ते मराठी शाळेत गणित शिकवायचे, आता विश्वस्त आहेत. मी समाजशास्त्र शिकवते आणि ते वाक्य काढावं असं माझं मत आहे. बैठकीच्या आधी आम्ही दोघं त्यावर बोलत बसलो. मामांचा मुद्दा मला पुरता खोडता आला नाही, म्हणून तो त्यांच्याच शब्दांत इथे द्यावासा वाटतो.

मामा: तुझा आक्षेप रामरक्षेवर आहे की अटीवर?

मी: अटीवर. रामरक्षा मला तुम्हीच शिकवलीत.

मामा: मग मला ती कुणी शिकवली ते ऐक. माझे वडील रत्नागिरीकडून बडोद्याला आले ते अकराव्या वर्षी, अंगावरच्या कपड्यांनिशी. याच देवळाच्या ओवरीत झोपायचे. सात घरी वार लावलेले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. पानावर बसलं की त्या घरची बाई विचारायची, आज शाळेत काय झालं रे? सात घरी सात बायका. परमुलखात आईबापांवाचून आलेलं पोर मॅट्रिक झालं ते त्या विचारपुशीवर. शिकणाऱ्या पोराला जेवू घालणं पुण्याचं, अशी त्या बायकांची श्रद्धा होती. कुठल्या सरकारी खात्याने त्यांना हे काम सांगितलं नव्हतं.

मी: आणि वार कुणाच्या पोराला मिळायचा?

मामा: ब्राह्मणाच्या. ते मी नाकारत नाही.

मी: त्याच ओवरीच्या बाहेर पागेतल्या मोतद्दाराचं पोर होतं. तेही गायकवाडांच्या मागे देशावरून आलेल्या घरातलं. त्याच्या घरीही विठोबा-खंडोबाच, आषाढीचा उपासही तोच. मग ते का नाही शिकलं? बडोद्यातली मराठी माणसं हुशार, असं शेजारीपाजारी म्हणतात आणि आपण सुखावतो. पण इथे आलं कोण ते बघा ना. अठराव्या शतकात दमाजीरावांच्या मागोमाग शिलेदार आले, त्यांचे हिशेब लिहायला कारकून-फडणीस आले, पूजेला भिक्षुक आले. कारकुनाचं पोर शिकलं, कारण बाप मोडी लिहायचा. मोतद्दाराच्या पोरापर्यंत अक्षर पोचलं ते फार पुढे. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण करून पाहिलं, 1906 मध्ये ते राज्यभर लागू केलं, तेव्हा. मधल्या काळात देव बदलला नव्हता, शाळा आली होती. अमेरिकेतल्या आपल्या लोकांचंही तसंच. त्यांची मुलं पुढे असतात ती संस्कारांमुळे, असं म्हणायला आपल्याला आवडतं. पण आईबापांना तिथला व्हिसाच पदव्या बघून मिळालेला असतो. चाळणी आधी लागते आणि चाळलेलं धान्य बघून आपण शेताचं कौतुक करतो.

मामा: सक्तीचं सांगतेस, तर तेही पुरं सांग. सक्ती केल्यावरही पोरं सुखासुखी आली नाहीत. आईबापांना दंड करावे लागले. हजेरीपटावर नाव आणि पोर शेतात, हे मी माझ्या नोकरीतसुद्धा पाहिलं आहे. आता आपल्या आसपास भाड्याच्या खोल्यांत धुळे-नंदुरबारकडची माणसं राहतात, उत्तर प्रदेशातली राहतात. कारखान्याच्या पाळीत बाप, परक्याच्या स्वयंपाकघरात आई. शाळा फुकट आहे, पुस्तकं फुकट आहेत. त्या पोराला 'आज काय झालं रे' असं कोण विचारतं? माझा प्रश्न एवढाच आहे.

मी: या प्रश्नावर तुमच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा मीच देते. न्यू ऑर्लीन्स शहराच्या पूर्व टोकाला 1975 नंतर व्हिएतनामी निर्वासितांची वस्ती झाली. माणसं गरीब, आसपासचा भाग पडका, शाळा यथातथा. मिन झोऊ आणि कार्ल बँकस्टन या दोन समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या मुलांचा अभ्यास केला, 1998 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. चर्चला नियमित जाणारी मुलं शाळेतही बरी चालत होती. ते कॅथलिक चर्च वस्तीच्या मधोमध होतं. तिथे प्रत्येक मुलाचे आईबाप इतर मुलांच्या आईबापांना ओळखायचे. कुणाचं पोर शाळा बुडवून भटकतंय ही बातमी पोर घरी पोचायच्या आत आईला कळायची.

मामा: मग? सात वार म्हणजे दुसरं काय होतं?

मी: दुसरं काही नव्हतं. पण बघा, मामा, त्यात काम करत होती ती माणसांची नजर. प्रवचन बाजूला ठेवलं तरी नजर राहते. ती नजर आपण अभ्यासिकेत देऊ शकतो. त्यासाठी प्रत्येक पोराच्या तोंडी श्रीराम कशाला हवा?

मामा: इथे तू घाई करतेस. नजर जमते कशी? तू पालकसभा बोलावून बघ. मी नोकरीभर बोलावल्या. चार जण यायचे, त्यांतले दोघं घड्याळ बघायचे. आणि रामनवमीला सुंठवडा घ्यायला कोण कोण येतं ते बघ. देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींच्या वरघोड्यात, त्या मिरवणुकीत, कोण चालतं ते बघ. ही माणसं एकमेकांच्या पोरांवर लक्ष ठेवायला जमलेली नसतात. देवासाठी जमलेली असतात, म्हणून लक्ष राहतं. 'चला, आपण एकमेकांच्या मुलांची काळजी करू' अशी पाटी लावून जमवलेली माणसं वर्षभर टिकत नाहीत. देव काढून घेतलास तर उरतात दोन पगारी शिक्षक आणि एक पंखा.

या उत्तरावर मी बराच वेळ गप्प बसले. काही गोष्टी त्यांच्या मागे धावून हाती लागत नाहीत. दुसऱ्याच कशात तरी मन लावलं तर वाटेत मिळून जातात. शेजारधर्म त्यांतला आहे, आणि मुलांच्या अभ्यासाला लागणारा धीरही बहुधा त्यांतलाच. पण मामांचं हे म्हणणं खरं मानलं तर ते त्यांच्या अटीवरच उलटतं.

मी: वरघोड्यात चालणाऱ्याला तुम्ही पैसे देता का?

मामा: नाही.

मी: दिले तर? चालणारे वाढतील, पण एकमेकांकडे बघतील का? सात घरच्या बायकांनी तुमच्या वडिलांना पुण्यासाठी जेवू घातलं, असं तुम्हीच म्हणालात. त्यांना दर पानामागे दोन आणे मिळत असते, तर त्यांनी शाळेचं विचारलं असतं? शिष्यवृत्तीसाठी रामरक्षा म्हणणारं पोर रामरक्षेत नसेल आणि अभ्यासातही नसेल. त्याचं लक्ष हजेरीच्या वहीवर असेल. तुम्हाला जे जपायचं आहे तेच या अटीने मोडेल.

मामा: हे लागलं मला. पण बडोद्यात पाठांतराला पैसा नवा नाही. संस्थानात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा होती. सयाजीरावांनी ती बंद केली नाही, तिला परीक्षा लावली. जो उत्तीर्ण होईल त्याला दक्षिणा. मीही तेच करतो आहे.

मी: त्यांनी नुसत्या जन्मावर मिळणारं दान विद्येवर द्यायला लावलं. पुढे 1915 मध्ये तर परीक्षा दिल्याशिवाय पौरोहित्यच करायचं नाही असा कायदा केला. पुण्यातही तेच झालं. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली, आणि 1849 मध्ये सुधारकांनी अर्ज केला की यातला काही पैसा मराठी ग्रंथांना द्या. केवढा गदारोळ झाला! जोतीराव फुले त्या अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. दर वेळी देवाधर्माचा पैसा घेणाऱ्यांचं वर्तुळ थोडं मोठं झालं. तुमची अट ते वर्तुळ लहान करते.

मामा: वर्तुळ मोठं केलं की त्यात शिरतं कोण, हेही बघावं लागतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1896 मध्ये पहिलं वसतिगृह काढलं ते सगळ्या जातींसाठीच होतं. थोड्याच काळात त्यात ब्राह्मणांचीच मुलं उरली. तेव्हा त्यांनी 1901 पासून मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अस्पृश्यांचं वेगळं अशी वसतिगृहं उभी राहू दिली. जमीन दिली, पैसे दिले. एवढा मोठा माणूस, त्याला एकोपा नको होता? पण त्याने पाहिलं की 'सर्वांसाठी' असं लिहिलं की आधीच पुढे असलेला आत येतो आणि दुबळा बाहेर राहतो. दुबळ्याला आपली अशी ओवरी लागते. आज या शहरात मराठी दुबळं आहे. मराठी माध्यमाच्या शाळा एकेक करून कमी झाल्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आता ही माडीही सगळ्यांसाठी करायची?

मी: कोल्हापूरच्या त्याच जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील राहत होते.

मामा: कर्मवीर. ठाऊक आहे.

मी: खेड्यातल्या जैन घरातला मुलगा. बोर्डिंग नसतं तर कोल्हापुरात राहून शिकणं त्याला जमलं नसतं, हे तुमचं म्हणणं मी आधीच मान्य करते. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाचा समारंभ झाला. भाऊराव तिथे जाऊन आले. बोर्डिंगात सांगितलं गेलं, आंघोळ करून मगच जेवायला ये. त्यांनी आंघोळ केली नाही, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. ज्या धर्माच्या छपराने त्यांना शिकायला जागा दिली, त्यानेच उंबऱ्यावर एक अट ठेवली होती. मग या माणसाने काय केलं? 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह चालवलं की सगळ्या जातींची पोरं एकत्र राहतील, एकत्र रांधतील आणि एका पंगतीला जेवतील. तिथे दुबळा बाहेर राहिला का? उलट तिथे दुबळेच आले, कारण त्यांनी मुद्दाम दुबळ्यांना शोधून आणलं. नुसतं 'सर्वांसाठी' लिहून भागत नाही, हे तुमचं खरं. पण त्यावरचा उपाय पंगत वेगळी करणं हा एकच नाही.

मामा: भाऊराव एखादाच असतो. आपण विश्वस्त आहोत, भाऊराव नाही.

मी: म्हणून तर नियम नीट लिहायचा. आता तुम्हाला दुसरी बाजू दाखवते. दादाचं घर इंग्लंडमध्ये ज्या गल्लीत आहे, तिथून सगळ्यांत जवळची प्राथमिक शाळा चर्चची आहे. सरकारी पैशावर चालते. तिथल्या सरकारी शाळांपैकी जवळपास एक तृतीयांश शाळा अशा धर्मसंस्थांच्या आहेत. जागेपेक्षा अर्ज जास्त आले की अशा शाळेला चर्चच्या हजेरीवर मुलं निवडता येतात. तिथले काही आईबाप केवळ प्रवेशासाठी रविवारी प्रार्थनेला जातात. दादाच्या मुलीला तिथे जागा मिळाली नाही. रोज बसने दूरच्या शाळेत जाते.

मामा: हा अन्यायच आहे. कर त्यानेही भरला असेल ना?

मी: भरला.

मामा: (जरा वेळाने) तू मला कुठे नेलंस ते कळलं. पण देवस्थानाचा पैसा कराचा नाही, भक्तांच्या दानाचा आहे. आणि एक सांग, ती शाळा इतकी चांगली का आहे? चर्चमुळेच ना?

मी: काही अंशी असेल. पण जे आईबाप पोरासाठी दर रविवारी पहाटे उठतात, ते पोराचा अभ्यासही घेतात. अशांचीच मुलं आत घेतली की शाळा चांगली दिसणारच. पुन्हा चाळणी आलीच. तुमच्या अटीनेही तेच होईल. संध्याकाळी सहाला नेमानं येणारं पोर म्हणजे ज्याच्या घरी सहाला पाठवणारं कुणी आहे ते पोर. ज्याची आई त्या वेळी लोकांच्या पोळ्या लाटते आणि जे धाकट्या भावंडाला सांभाळतं, त्याची हजेरी भरणार नाही. तुम्ही ज्याच्यासाठी अभ्यासिका काढताय तेच अटीवर नापास होईल.

मामा काही बोलले नाहीत. मग त्यांनी वेगळ्याच दिशेने सुरुवात केली, आणि मला वाटतं, इथे आमचं बोलणं सगळ्यांत खोल गेलं.

मामा: धर्माने माणूस शिकतो यावर तुझा विश्वासच नाही. मग बौद्धांचं काय? 2011 च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींची साक्षरता साधारण 66 टक्के होती, बौद्धांची 81 च्या वर. हिंदूंची 73. काल जी माणसं आपल्या पंगतीबाहेर होती ती आज आपल्या पुढे आहेत. यात धम्माचा वाटा नाही म्हणशील?

मी: आहे म्हणते. पण क्रम बघा. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज. दीक्षा 1956 ची. आधी शाळा-कॉलेजं, मग धम्म. शिकायची ओढ आधीच पेटलेली होती. धम्माने तिला मान दिला, 'तू कुणापेक्षा कमी नाहीस' हे सांगितलं. आणि मला वाटतं, धर्म शिकणाऱ्या मुलाला देऊ शकतो त्यांतली ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. पोथी पाठ करून घेण्याहून कितीतरी मोठी.

मामा: आणि याच शहरात बाबासाहेबांना काय मिळालं?

मी: तेच सांगणार होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबियाला गेलेला माणूस 1917 मध्ये नोकरीसाठी इथे परत आला. एवढी विद्या घेऊन आलेला दुसरा माणूस तेव्हा या शहरात शोधावा लागला असता. राहायला खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. एका हिंदू स्नेह्याला विचारलं, एका ख्रिस्ती स्नेह्याला विचारलं. दोघांनीही टाळलं. कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. त्यांना शिकवायला पैसा होता, राजाची इच्छा होती, त्यांची स्वतःची बुद्धी होती. नव्हती ती ओवरी. तीन धर्मांची दारं त्या दिवशी बंद होती. मामा, नुसती विद्या पुरत नाही, माणसाला जागा लागते, हे तुमचंच म्हणणं या गोष्टीतून खरं ठरतं. पण ती जागा अट घालून दिली की ऐन गरजेला ती कुणाला नाकारली जाते, हेही त्यातूनच दिसतं.

मामा: ठीक. अट काढली असं समज. मागच्या गल्लीतलं मुसलमान पोर, ते यंदा दहावीला आहे. ते देवळाचा जिना चढून येईल?

मी: बहुतेक नाही येणार.

मामा: मग तुझं औदार्य कागदावरच राहिलं. अट नसली तरी पायरी देवळाचीच आहे. या शहराच्या जुन्या भागांत अशांत धारा हा कायदा लागू आहे, घर विकायचं तरी कलेक्टरची परवानगी लागते. दंग्यांच्या आठवणी दोन्ही गल्ल्यांत आहेत. त्याची आई त्याला इथे का पाठवेल? आणि खोली म्युनिसिपालिटीच्या शाळेत हलवलीस तर आपले लोक दान देणार नाहीत, संध्याकाळी येऊन बसणार नाहीत. नजर गेली.

मी: माडीला मागच्या गल्लीत उतरणारा जिना आहे. वर्षानुवर्षं कुलूप आहे त्याला. तो उघडू. तेवढ्याने त्याची आई विश्वास टाकेल असं मला वाटत नाही. पण कुणीतरी तिच्या घरी जाऊन सांगू शकतं. तुम्ही त्या गल्लीतल्या कितीतरी मुलांना ट्यूशन दिलीत. तुमचं नाव तिथे चालतं.

मामा: जिना उघडला तर विश्वस्तांतले दोघं राजीनामा देतील.

मी: आणि तुम्ही?

मामा: मी देणार नाही. पण रामरक्षा बंद होऊ देणार नाही.

मी: बंद करा असं मी म्हटलंच नाही. सहाला खाली गाभाऱ्यापुढे रामरक्षा, ज्याला यायचं त्याने यावं. साडेसहाला वर अभ्यास. शिष्यवृत्ती घरच्या गरजेवर, आणि निम्म्या जागा ज्यांच्या घरात दहावीला बसणारं हे पहिलंच पोर आहे त्यांच्यासाठी. शाहू महाराजांचा 1896 चा धडा त्यात आला.

मामा: आणि खाली रामरक्षेला पोरंच आली नाहीत तर? दहा-वीस वर्षांनी या देवळात माणसंच उरली नाहीत तर वरच्या पंख्याचं बिल कोण भरेल? 'आज काय झालं रे' असं त्या पोरांना कोण विचारेल? तुझ्या मसुद्यात याचं उत्तर नाही.

मी: नाही. मला ते सुचलेलं नाही. पण अट ठेवली की माणसं उरतील, असं तुम्हाला तरी वाटतं?

मामा: नाही वाटत. तरी मी माझ्याच वाक्याच्या बाजूने बोलेन. त्याची बाजू मांडणारं बैठकीत कुणीतरी असायला हवं. तुझा मसुदा दुसरा म्हणून ठेवतो, मतदान होऊ दे. घरातून पहिल्यांदाच दहावीला बसणाऱ्यांच्या निम्म्या जागांचं कलम मात्र दोन्ही मसुद्यांत घाल. आणि जिन्याच्या कुलपाची किल्ली पुजाऱ्याकडे आहे का, ते उद्या विचारून घे.